ठिसूळ डोंगराच्या पायथ्याशी



पंचकुला हे नाव मराठी कानांना एखाद्या देवस्थानासारखं वाटतं. पाच कुळं किंवा पाच कुलदेवता असं काहीतरी असेल, असा अंदाज आपण बांधतो. खरा अर्थ पाण्याचा आहे. इकडच्या डोंगराळ भागात शेतीला पाणी नेणाऱ्या पाटाला 'कुहल' म्हणतात. घग्गर नदीचं पाणी खेळवणारे असे पाच पाट इथे होते, म्हणून पंचकुला. आपल्या भाषेत 'पाच पाटांचं गाव' म्हणा ना.

मी या गावात राहते आणि भूशास्त्र शिकवते. शिमल्याला जाणारे पाहुणे महाराष्ट्रातून येतात, एक रात्र आमच्याकडे थांबतात. सकाळी चहा घेऊन गच्चीवर गेलं की ईशान्येला टेकड्यांची एक लांब रांग दिसते. मग ठरलेला प्रश्न येतो, "हाच का हिमालय?" मी सांगते, "हा हिमालयाचा गाळ."

पाहुण्यांना वाटतं मी थट्टा करते आहे. पण हे अगदी शब्दशः खरं आहे. ही शिवालिकची रांग हिमालयातून वाहून आलेल्या दगडगोट्यांची, रेतीची आणि मातीची बनलेली आहे. हिमालयाचा मलबा नद्यांनी पायथ्याशी आणून टाकला, तो साठला, आणि पुढे तोच वर उचलला जाऊन त्याच्या टेकड्या झाल्या. आता पाऊस त्या टेकड्या धुऊन पुन्हा खाली आणतो आहे. डोंगर उभा राहणं, झिजणं, वाहून जाणं आणि दुसरीकडे साठणं या चारही गोष्टी माझ्या गच्चीवरून दिसतात. आज या चार गोष्टी पंचकुल्यात कशा चालतात ते सांगणार आहे. आणि त्यातल्या कशावर माणसाचं काही चालतं, तेही.

सुरुवात दगडापासून करू. तुम्ही कधी इकडे आलात तर मोरनीच्या बाजूला किंवा पिंजोरच्या बाजूला जा. रस्त्यासाठी जिथे टेकडी कापली आहे, तिथे सुरक्षित जागी गाडी थांबवून तो कापलेला भाग बघा. अनेक ठिकाणी रेतीत आणि मातीत रुतलेले गोटे दिसतील. बटाट्यासारखे गोल, हाताला गुळगुळीत. दगड असा गोल कधी होतो? नदीत गडगडत, एकमेकांवर घासत मैलोन्‌मैल आला तरच. डोंगरातून नुकताच तुटलेला दगड कोनाकोनांचा असतो. मग नदीतला गोटा टेकडीच्या माथ्यावर कसा गेला? नदी काही टेकडी चढत नाही. याचा अर्थ, जिथे आज माथा आहे तिथे एके काळी नदीचं पात्र होतं आणि ते पात्रच वर उचललं गेलं.

हे कसं घडलं? सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियाला येऊन भिडला. तेव्हापासून आजपर्यंत तो उत्तरेकडे रेटा देतोच आहे, वर्षाला साधारण चार-पाच सेंटिमीटर. आपली नखं वाढतात त्याच्या जवळपासचा हा वेग. जमिनीवर पसरलेली सतरंजी एका बाजूने ढकलली की तिला घड्या पडतात, तसा हिमालय वर आला. डोंगर वर येऊ लागला तसा पाऊस आणि बर्फ त्याला झिजवू लागले. नद्यांनी हा मलबा पायथ्याच्या खोलगट पट्ट्यात ओतला. सुमारे एक कोटी ऐंशी लाख वर्षांपूर्वीपासून ते अगदी काही लाख वर्षांपूर्वीपर्यंत हे ओतणं चाललं होतं. एकावर एक असे काही किलोमीटर जाडीचे थर साठले. मग रेटा या ताज्या थरांपर्यंत पोचला आणि सतरंजीची सगळ्यात नवी घडी पडली. ती घडी म्हणजे शिवालिक.

या थरांमध्ये त्या काळचे प्राणीही पुरले गेले. १८३० च्या दशकात ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली या दोघांनी शिवालिकमधून जीवाश्मांचा मोठा साठा गोळा केला. त्यातला एक कॉटली म्हणजे कालव्यांचा इंजिनिअर. पुढे गंगेचा कालवा काढणारा तोच. जिराफाच्या कुळातला एक धिप्पाड प्राणी त्यांना सापडला. शिवालिकवरून आणि शिवावरून त्याचं नाव ठेवलं शिवाथेरियम. या जीवाश्मांच्या कामासाठी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८३७ मध्ये दोघांना वोलास्टन पदक दिलं. शिवालिकच्या वरच्या थरांपैकी एका थराला भूशास्त्रात 'पिंजोर' हेच नाव आहे. आमच्या जिल्ह्यातल्या पिंजोर गावावरूनच ते आलं. जगात कुठेही शिवालिकच्या प्राण्यांवर अभ्यास चालतो, तेव्हा या छोट्या गावाचं नाव घ्यावं लागतं. त्या थरांत हत्तींचे पूर्वज सापडतात, घोडे सापडतात, पाणघोडे सापडतात. पाणघोडा होता म्हणजे पाणी होतं. आज जिथे कोरडी टेकडी आहे, तिथे तेव्हा नद्या आणि दलदली होत्या.

घडी पडायचं काम संपलेलं नाही. शिवालिक जिथे मैदानाला भेटते, तिथे जमिनीखाली हिमालयाची सगळ्यात पुढची मोठी भेग आहे. पिंजोरच्या दरीतही एक भेग आहे. मुघल काळातल्या प्रसिद्ध बागेवरून तिला 'पिंजोर गार्डन फॉल्ट' म्हणतात. संशोधकांनी या भेगेवर आडवे चर खणले. चराच्या भिंतीत रेतीचे आणि गोट्यांचे थर तुटून सरकलेले दिसले. इतिहासात नोंद नसलेल्या मोठ्या भूकंपांच्या त्या खुणा आहेत. नोंद असलेलाही एक भूकंप आहे. ४ एप्रिल १९०५ ला कांगडा हादरलं आणि वीस हजार माणसं गेली. म्हणजे रेटा रोज थोडा थोडा साठत राहतो आणि कधीतरी काही सेकंदांत मोकळा होतो. डोंगर वर येण्याची ही पद्धत. यावर आपलं काही चालत नाही. आपल्या हातात आहे ते घर नीट बांधणं.

आता झिजण्याकडे येऊ. इथे आपल्या सह्याद्रीशी तुलना केली की गोष्ट चटकन कळते. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. एका थरावर दुसरा थर पसरत गेला, म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या दिसतात. 'डेक्कन ट्रॅप' मधला 'ट्रॅप' हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. या कातळावर किल्ले उभे राहिले, लेणी कोरली गेली. निघोजला कुकडी नदीने त्यात रांजणखळगे पाडले, पण त्यासाठी गोट्यांना भोवऱ्यात गरगरत हजारो वर्षं घासावं लागलं.

शिवालिकचं तसं नाही. ती वयाने लहान आणि अंगाने कच्ची आहे. सिमेंट कमी पडलेलं काँक्रीट कसं असतं, हाताने खरवडलं तरी रेती सुटते, तसा इथला बराचसा दगड. कुठे रेतीचा थर, कुठे चिकणमातीचा, कुठे गोट्यांचा. उन्हाळ्यात चिकणमाती सुकून तडकते. जुलैमध्ये तिच्यात पाणी जाऊन ती फुगते. वर्षभराचा पाऊस साधारण ११०० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. कोकणातल्या माणसाला हा आकडा फारच कमी वाटेल. पण कोकणात तो कातळावर पडतो, इथे तो रेतीच्या ढिगावर पडतो.

पाऊस नेमकं काय करतो ते बघा. उघड्या जमिनीवर पडणारा प्रत्येक थेंब हा एक छोटा घाव असतो. तो मातीचे कण उडवतो. उडालेले कण मातीची भोकं बुजवतात, त्यामुळे पाणी आत मुरत नाही आणि उतारावरून वाहू लागतं. वाहणाऱ्या पाण्याचे ओघळ होतात. दोन ओघळ मिळून घळ होते. घळ पावसागणिक मागे मागे सरकत टेकडी खाते. अशा अनेक घळी खाली एकत्र आल्या की त्याला इकडे 'चो' म्हणतात. काही ठिकाणी 'राव' म्हणतात. वर्षातले दहा महिने चो म्हणजे रेतीचा कोरडा, रुंद पट्टा. मुलं त्यात क्रिकेट खेळतात. जोरदार पाऊस झाला की तासाभरात त्यात चहाच्या रंगाचं पाणी दुथडी भरून येतं आणि संध्याकाळपर्यंत ओसरतंही.

हे घरीसुद्धा करून बघता येतं. दोन ताटं घ्या. दोन्हीत ओल्या रेतीचा उतार करा. एकावर गवताची चटई ठेवा, दुसरा उघडा ठेवा. झारीने सारखंच पाणी घाला. उघड्या उतारावर दोन मिनिटांत ओघळ पडतील. पाणी तेच, रेती तीच, उतार तोच. फरक फक्त गवताचा. हा प्रयोग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाहून नेलेलं पुढे कुठे जातं? उतार संपला की पाण्याचा जोर कमी होतो. जोर कमी झाला की हातातलं ओझं खाली ठेवावं लागतं, आणि सगळ्यात जड ते आधी. म्हणून पायथ्याशी मोठे गोटे पडतात, थोडं पुढे रेती, आणि लांबवर बारीक माती. दरीच्या तोंडातून बाहेर पडताच नदी हाताच्या पंजासारखी पसरते आणि गाळाचा पंखा तयार होतो. असे पंखे एकमेकांत मिसळून पायथ्याचा पट्टा तयार झाला. गोट्यांच्या या पट्ट्याला स्थानिक लोक 'कंडी' म्हणतात. इथे पाणी भसाभस मुरतं, म्हणून विहिरीला पाणी खोल लागतं. चंदीगड आणि पंचकुला या गाळावर वसलेली शहरं आहेत. चंदीगडचं रॉक गार्डन तुम्ही पाहिलं असेल. नेकचंद यांनी त्यासाठी दगड गोळा केले ते शिवालिकमधून येणाऱ्या अशाच चोंच्या आणि घग्गरच्या पात्रातून.

बारीक माती मात्र फार लांब जाते. पंचकुल्याहून दक्षिणेकडे हमरस्त्याने निघालात की अंबाला लागतं, मग कुरुक्षेत्र, कर्नाल, आणि मग पानिपत. पूर्ण रस्ताभर एक टेकडी लागत नाही, शेतात एक धोंडा दिसत नाही. घग्गर, यमुना आणि त्यांच्या बहिणींनी हिमालयातून आणून पसरलेली ही माती. ज्या सपाट मैदानावर १७६१ मध्ये आपली माणसं लढली, ते मैदानही नद्यांनीच सारवून ठेवलेलं आहे.

इथवर मी निसर्गाच्या कामाबद्दल बोलले. आता माणूस या गोष्टीत कुठे येतो ते पाहू. त्यासाठी चंदीगडच्या सुखना तलावावर जायला हवं.

नव्या शहराला पाण्याची शोभा हवी म्हणून १९५८ मध्ये सुखना चोवर मातीचं धरण बांधून तलाव केला. ल कॉर्बुझिए यांचं नियोजन आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांचं काम. आज तिथे सकाळ-संध्याकाळ गर्दी असते. चो अडवला म्हणजे फक्त पाणी अडलं असं होत नाही. चो जे वाहून आणतो तेही अडतं. आधी हा गाळ पुढे घग्गरला जाऊन मिळायचा, आता तो तलावात बसायला लागला. पाणलोटाच्या टेकड्या चराईने आणि लाकूडतोडीने उघड्या पडल्या होत्या. वीस वर्षं व्हायच्या आत तलावाचा मोठा भाग गाळाने भरला. काठाकडून जमीन वर आली, त्यावर गवत उगवलं. गाळ काढायला यंत्रं लावली, पुढे नागरिकांनी श्रमदानही केलं. पण जेवढा काढायचा, त्याच्या जागी पुढच्या पावसात नवा यायचा.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंदीगड केंद्रातल्या लोकांनी हा प्रश्न उलट्या बाजूने धरला. त्यांचे प्रमुख होते पी. आर. मिश्रा. तलावात येऊन पडलेल्या गाळाऐवजी तो निघतो कुठून हे शोधायचं त्यांनी ठरवलं. चोच्या काठाने ते वर चढत गेले आणि सुखोमाजरी या गावाशी पोचले. हे गाव आज पंचकुला जिल्ह्यात आहे, पिंजोरच्या जवळ. गावामागची टेकडी जवळपास बोडकी होती आणि तिला घळींनी पोखरलं होतं. घळी शेतांपर्यंत आल्या होत्या.

अधिकाऱ्यांनी चर खणले, रोपं लावली. गावकऱ्यांच्या शेळ्यांनी रोपं खाल्ली. यात गावकऱ्यांची चूक काढणं सोपं आहे. पण त्यांच्या बाजूने बघा. शेती पावसावर, तीही बेभरवशाची. पीक गेलं तर शेळी विकून पोट भरायचं. टेकडीवर शेळी चारायची नाही, म्हणजे खायचं काय? आणि हे सगळं कशासाठी? तर पलीकडच्या शहरातल्या लोकांना नाव चालवायला तलाव स्वच्छ हवा म्हणून.

गाडं अडलं होतं ते एका छोट्या मातीच्या बंधाऱ्याने पुढे सरकलं. घळ थांबवायला म्हणून तो बांधला होता. त्यात पाणी साठलं. त्या पाण्याने गव्हाला एखाद-दुसरं पाणी मिळालं आणि पीक डोळ्यांत भरण्यासारखं आलं. टेकडी सांभाळली तर बंधारा गाळाने भरणार नाही, आणि बंधारा टिकला तर गहू पिकेल, हे आता कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. पाणी मिळणार ज्यांची शेती बंधाऱ्याखाली आहे त्यांना. ज्यांना जमीनच नाही त्यांनी आपली शेळी का आवरायची?

यावर गावाने काढलेला तोडगा मला या गोष्टीतला सगळ्यात मोठा वाटतो. पाण्यावर प्रत्येक घराचा सारखा हक्क, जमीन असो की नसो. ज्याला जमीन नाही त्याने आपल्या वाट्याचं पाणी दुसऱ्याला द्यावं आणि त्याचा मोबदला घ्यावा. टेकडीवरच्या भाबर गवतातही गावाचा वाटा ठरला. हे गवत दोराला आणि कागदाच्या गिरण्यांना लागतं. गावाने आपली संस्था केली. टेकडीला काटेरी तार लागली नाही, लोकांनी आपणहून जनावरं आवरली. याला 'सामाजिक कुंपण' असं नाव पडलं. शेळ्या कमी झाल्या, म्हशी वाढल्या. टेकडी पुन्हा हिरवी झाली आणि सुखोमाजरीच्या घळींमधून तलावाकडे जाणारा गाळ खूप घटला.

महाराष्ट्रात हे ऐकताना तुम्हाला राळेगणसिद्धी आठवलं असेल. साधारण त्याच सुमाराला तिथे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी झाली. पुढे हिवरे बाजारने तोच रस्ता धरला. या गावांची भाषा निराळी, दगड निराळा, पाऊसही निराळा. तरी थेंब आणि उघडा उतार यांचं नातं सगळीकडे सारखंच.

आता या गोष्टीला थोडं खाली आणते, नाहीतर ती परीकथा होईल. सुखोमाजरीने शिवालिकची झीज थांबवली का? नाही. ती थांबवता येत नाही. बंधारेही कालांतराने गाळाने भरतात, त्यांची दुरुस्ती लागते, आणि लोकांचा त्यातला रस टिकावा लागतो. सुखनाच्या पाणलोटात पुढे शेकडोच्या घरात छोटे बांध झाले, झाडी वाढली. मग काही वर्षांत उलटीच तक्रार सुरू झाली, की तलावात पाणीच पुरेसं येत नाही. गेल्या दशकात काही उन्हाळ्यांत तलावाचा मोठा भाग कोरडा पडला. गाळ अडवताना पाणीही अडतं, हा त्यातला व्यवहार. आणि मग जुलै २०२३ मध्ये चंदीगडला चोवीस तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. सुखनाचे दरवाजे उघडावे लागले, घग्गरला पूर आला, मोरनीच्या बाजूला रस्ते खचले.

मग सुखोमाजरीने केलं काय? तिने वेग बदलला. मला आज एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. डोंगर झिजणार, नदी वाहणार, गाळ साठणार. ही कामं आपल्या आधी कोट्यवधी वर्षं चालू होती, आपल्या नंतरही चालू राहतील. पण ती किती वेगाने होतील, यात आपला हात आहे. टेकडी गवताखाली असेल तर जे झिजायला हजार वर्षं लागतील, ते उघड्या टेकडीवर एका पिढीच्या डोळ्यांदेखत होतं. आणि माणसाचं आयुष्य, शेती, घर, रस्ता हे सगळं वेगावरच अवलंबून आहे.

हे इंग्रज सरकारलाही कळलं होतं. होशियारपूरच्या चोंनी शेतजमिनीच्या शेतजमिनी रेतीखाली गाडल्या, तेव्हा १९०० मध्ये पंजाबात खास कायदा झाला, पंजाब भूसंरक्षण कायदा. तो शिवालिकच्या बऱ्याच भागाला आजही लागू आहे. टेकडीवर काय तोडता येईल, काय खणता येईल यावर तो बंधनं घालतो. शहरं डोंगराकडे सरकू लागली तशी या कायद्याची अडचण वाटू लागली आणि त्यावरून मोठे वाद झाले. एकशे पंचवीस वर्षांपूर्वीचा कायदा जुनाट वाटू शकतो. पण ज्या टेकडीसाठी तो केला, ती अजून तितकीच ठिसूळ आहे.

आज आपण वेग वाढवतो आहोत तो दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण उतार. रेतीच्या ढिगाला एक ठरावीक कोन मानवतो. पायथ्याकडून मूठभर रेती काढा, वरची घसरून खाली येते आणि ढीग पुन्हा आपला कोन धरतो. रस्त्यासाठी किंवा प्लॉटसाठी टेकडीचा पायथा उभा कापला की टेकडी पावसाळ्यात तेच करते. दुसरं ठिकाण नदीचं पात्र. घग्गरमधली रेती आणि गोटे बांधकामाला लागतात. मर्यादेबाहेर उपसा झाला की नदीच्या ओझ्याचा हिशोब बिघडतो. ओझं कमी झालेलं पाणी भुकेलं असतं. ते आपला तळ खातं, काठ खातं, पुलाच्या खांबाखालची माती खातं. पात्र खोल गेलं की आजूबाजूच्या विहिरींचं पाणीही खाली जातं.

सह्याद्री कातळाचा आहे म्हणून आपण निर्धास्त राहू शकत नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण, जुलै २०२१ मध्ये तळिये, जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी. ही गावं आपल्या मनातून गेलेली नाहीत. तिथे खालचा कातळ टणक होता, पण त्याच्यावर हजारो वर्षांत कुजून झालेला मुरूम आणि माती होती. सलग पावसाने हा थर पाण्याने भरतो, जड होतो, त्याची कातळावरची पकड सुटते आणि तो एका झटक्यात खाली येतो. शिवालिक आतपर्यंत ठिसूळ आहे, सह्याद्रीचं पांघरूण ठिसूळ आहे. दोन्हीकडे उताराचा पाया कापणं आणि पाण्याची वाट बुजवणं यांचा परिणाम सारखाच होतो.

मला बरेच जण विचारतात, अगदी नात्यातलेही, की डोंगराजवळ प्लॉट घेतोय, बघशील का एकदा? मी तीन गोष्टी बघायला सांगते. पहिली, पावसाळ्यात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं. हे कागदावर दिसत नाही, म्हणून जुलैमध्ये जाऊन बघा आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोरडा ओढा म्हणजे मेलेला ओढा नव्हे. दुसरी, मागचा उतार कापलेला आहे का, आणि कापला असेल तर पाणी बाहेर यायला भिंतीत भोकं ठेवली आहेत का. भोकं नसलेली संरक्षक भिंत म्हणजे पाण्याची टाकीच. तिसरी, घर मूळ जमिनीवर आहे की भरावावर. या तीन प्रश्नांना भूशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि गावात राहत असाल, तर सुखोमाजरीचा प्रश्न आपल्या ग्रामसभेत विचारा. आपल्या माथ्यावरची टेकडी कुणी सांभाळायची, आणि जो सांभाळेल त्याच्या पदरात काय पडणार? झाडं लावायचे कार्यक्रम आपल्याकडे पुष्कळ होतात. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा द्यायची तयारी किती गावांत आहे, हे मात्र तपासायला हवं. सुखोमाजरीची टेकडी हिरवी झाली ती या वाट्यामुळे.

पुढच्या वेळी शिमल्याला जाताना पंचकुल्यात थांबलात, तर घाई करू नका. घग्गरच्या काठावर नाडा साहिब गुरुद्वारा आहे, अगदी शिवालिकच्या पायथ्याशी. तिथल्या लंगरमध्ये जेवा, मग नदीकडे जा आणि पात्र कोरडं असेल तर एक गोटा उचलून हातात घ्या. तो हिमालयातून निघाला, कदाचित मधली काही लाख वर्षं शिवालिकच्या पोटात थांबला, आणि आता पुन्हा वाटेला लागला आहे. बघून झालं की तिथेच ठेवा. त्याला अजून बरंच पुढे जायचं आहे.